गुडघाभर गुलाबाची रांग: जात निवडण्यापासून ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत

सांगलीत विश्रामबागला आमच्या घरासमोर फाटकापासून पायरीपर्यंत २० फुटांची वाट आहे. तिच्या कडेला गुलाबाची बुटकी रांग लावायची, हे घर बांधतानाच ठरलं होतं. मी हौसेनं रोपं आणली. सात रंगांची, एकेक फूल तळहाताएवढं. दीड वर्षानं शेजारचे काका फाटकाशी थांबून म्हणाले, "कुंपण कुठाय हो? ह्या तर तुरकाट्या दिसतात." खोटं नव्हतं. पाच-पाच फूट उंच झाडं, खालचे दोन फूट नुसत्या उघड्या काड्या आणि फुलं सगळी शेंड्याला. ती बघायची सोय आमच्यापेक्षा समोरच्यांच्या पहिल्या मजल्यावरून जास्त चांगली होती. खालून गल्लीतलं कुत्रं न वाकता ये-जा करायचं. मी दर महिन्याला कापायचो, झाडं दर महिन्याला पुन्हा तिथंच.

शेवटी ती रांग उपटली आणि दुसऱ्यांदा लावली. पुढं साताऱ्यात गोडोलीला ताईच्या बंगल्यापुढं तशीच रांग केली. तिथली माती वेगळी, पाऊस वेगळा, त्यामुळं तिथं नव्या चुका केल्या. या दोन्ही रांगा आता दोन-सव्वादोन फुटांवर भरून उभ्या आहेत. मला छाटणीच्या म्हणून ज्या अडचणी वाटत होत्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त निवडीच्या निघाल्या. झाड किती वाढणार हे त्याच्या जातीत ठरलेलं असतं. कात्रीनं ते फार तर महिनाभर लांबवता येतं. म्हणून या लेखात कात्री बरीच उशिरा येते. तोवर धीर धरा.

१. जागा मोजा, ऊन मोजा

गुलाबाला रोज निदान सहा तास थेट ऊन लागतं. सकाळचं मिळालं तर उत्तम, कारण पानांवरचं दव लवकर वाळतं आणि रोग कमी येतात. आंबा, नारळ किंवा अशोकाच्या सावलीत रांग लावू नका. सावलीतला गुलाब उजेडाकडं लांबत जातो आणि बुटक्या रांगेची कल्पना तिथंच संपते.

रांगेची मधली रेघ वाटेपासून निदान दीड फूट आत घ्या. लावताना रोप वीतभर असतं, म्हणून ही दीड फूट जागा वाया गेल्यासारखी वाटते. दोन वर्षांनी आईच्या साडीचा पदर आणि दूधवाल्याची पिशवी काट्यात अडकायला लागली की ती जागा कशासाठी होती ते कळतं. पश्चिमेची भिंत जवळ असेल तर भिंतीपासून दोन फूट सोडा. एप्रिल-मेमध्ये तापलेली भिंत पानं भाजते.

सांगलीकरांसाठी एक वेगळी सूचना. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तुमच्या अंगणात पाणी उभं राहिलं असेल, तर चर खणून रांग करण्यावर खर्च करू नका. चार-पाच दिवस मुळं पाण्याखाली राहिली की गुलाब वाचत नाही. तिथं मोठ्या लांबट कुंड्यांत छोट्या जाती लावा. निदान उचलून गच्चीवर तरी नेता येतील.

२. जात: इथं घाई नको

नर्सरीत गेलात की सगळ्यात मोठ्या फुलापुढं पाय आपोआप थांबतात. ते बहुतेक हायब्रिड टी असतं. एका काडीला एक मोठं, टोकदार कळीचं फूल. फुलदाणीसाठी याला तोड नाही. पण त्याची वाढ सरळसोट वर जाणारी, बुंध्याशी फुटवे कमी आणि एकदा फुलल्यावर पुढच्या बहारापर्यंत झाड रिकामं. 'ग्लॅडिएटर' हा लालभडक गुलाब आपल्याकडं सगळीकडं मिळतो, जोमदारही आहे; पण रांगेत लावलात तर तुरकाट्या! 'क्वीन एलिझाबेथ' नावाचा १९५४ चा गुलाबी गुलाब तर त्याहून उंच जातो. उंच कुंपणाला तो छान, गुडघाभर रांगेला मुळीच नाही.

बुटक्या रांगेला तीन गट चालतात.

पहिला आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीचा फ्लोरिबंडा. यात फुलं झुपक्यानं येतात, मध्यम आकाराची. एक झुपका संपेपर्यंत दुसरा तयार असतो आणि झाड बुंध्यापासून फुटतं. पांढऱ्यात 'आइसबर्ग' हा जर्मनीतल्या कोर्डेस यांनी १९५८ साली आणलेला वाण अजून टिकून आहे. काटे अगदी कमी, छाटणी मुकाट सोसतो. मोकळा सोडला तर तीन-चार फूट होतो, पण वर्षातून एकदा नीट कापला की दोन-सव्वादोन फुटांवर राहतो. त्याचा एक दोष म्हणजे पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पटकन येतात. भारतात तयार झालेल्या जातींत 'दिल्ली प्रिन्सेस' आणि 'बंजारन' ही नावं विचारून बघा. या दोन्ही डॉ. बी. पी. पाल यांच्या. गव्हावर आयुष्य घातलेला आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा पहिला महासंचालक झालेला हा शास्त्रज्ञ हौसेनं गुलाबाचे संकर करायचा. आपल्या उन्हापावसात वाढवून निवडलेली झाडं असल्यानं ती जास्त काटक असतात.

दुसरा गट पॉलिअँथा. फुलं अगदी लहान, पण गुच्छ मोठे. १९३२ चा 'द फेअरी' हा फिकट गुलाबी वाण आडवा पसरतो आणि दोन-अडीच फुटांपुढं जात नाही. मिळाला तर डोळे झाकून घ्या.

तिसरा मिनिएचर. आपल्याकडं नर्सरीवाले याला बटण गुलाब म्हणतात. फूट-दीड फुटाची रांग हवी असेल तर हा घ्या. मात्र याची मुळं वरच्या थरात असतात, त्यामुळं उन्हाळ्यात पाण्याचा एक दिवसही चुकवून चालत नाही.

गावठी गुलाबी गुलाब रांगेत नको. तो वाटेल तसा पसरतो. पण वासासाठी आणि गुलकंदासाठी एक झाड नळाजवळ जरूर लावा, कारण फ्लोरिबंडाला वास जेमतेम असतो. "एवढी फुलं आणि वास कुठाय?" हा प्रश्न आमच्याकडं घरातूनच आला होता आणि त्यावर माझ्याकडं उत्तर म्हणून हे नळाजवळचं झाडच आहे. डच गुलाब म्हणून विकली जाणारी रोपंही टाळा. ती पॉलिहाऊससाठी असतात. लांब दांड्याचं एकेक फूल काढायला तयार केलेली. उघड्यावर रांगेत त्यांचा काही उपयोग नाही.

आता व्यवहाराचं. आपल्याकडच्या बऱ्याच नर्सऱ्यांत जातीचं नाव सांगितलं तर "तसलं काय नाय, लाल, पिवळा, डबल कलर आहे" असं उत्तर येतं. मग डोळ्यांनी निवडा:

- बुंध्याशी, मातीपासून वीतभर अंतरात, तीन-चार फांद्या फुटलेल्या असाव्यात. एकच सरळ काडी असेल तर सोडा.
- दोन पानांमधलं पेर बघा. आखूड पेर म्हणजे भरगच्च झाड, लांब पेर म्हणजे उंच जाणारं.
- एका शेंड्याला एक कळी आहे की पाच-सात? झुपका असेल तरच पुढं बोला.
- नर्सरीच्या मागं जमिनीत लावलेली त्याच जातीची जुनी झाडं असतात. ती दाखवा म्हणायचं. पिशवीतलं रोप पुढं काय होणार, ते तिथं उभं असतं.

एक सापळा खास सांगतो. 'आइसबर्ग'ची वेलीसारखी चढणारी जातही आहे आणि लहानपणी दोन्ही रोपं सारखीच दिसतात. ताईच्या रांगेत असं एक रोप आलं. दुसऱ्या पावसाळ्यात त्यानं सात फुटांचे दोन कोंब काढले आणि थेट खिडकीची जाळी गाठली. "वेलाचा नाही ना?" हे दोनदा विचारा.

आणि पूर्ण रांगेला एकच जात. सात रंगांचा मोह मलाही झाला होता. प्रत्येक जातीचा वाढीचा वेग वेगळा, फुलायची वेळ वेगळी. रांगेचा माथा कधीच एका रेषेत येत नाही. दोन रंग हवेच असतील तर दोन वेगळ्या रांगा करा.

३. किती रोपं, कशी तपासून घ्यायची

फ्लोरिबंडा दीड फुटावर, बटण गुलाब एक फुटावर. २० फुटांना दीड फुटानं १४ रोपं लागतात. मी १६ घेतली. दोन रोपं कुंडीत राखून ठेवली, कारण पहिल्या वर्षी एखादं मरतंच आणि दोन वर्षांनी तीच जात त्याच नर्सरीत मिळत नाही.

बहुतेक रोपं डोळा (काडीवर जिथून नवा कोंब फुटतो तो उंचवटा) भरून, म्हणजे कलम करून केलेली असतात: खाली रानगुलाबाचा खुंट, वर हवी ती जात. जिथं डोळा भरलाय तिथं गाठ दिसते. गाठीच्या वरची फांदी आपली, खालून आलेली खुंटाची. नर्सरीत कित्येक पिशव्यांत खुंटाचीच फूट जोरात असते आणि आपण ती बघून "काय तजेलदार रोप आहे" म्हणतो. त्या फुटीची पानं बारीक, रंगानं वेगळी आणि काट्यांची ठेवणही वेगळी असते. शंका आली तर पानावर जाऊ नका, फांदीचा माग काढत गाठीपर्यंत जा.

फूल लागलेलं रोप घ्यायला हरकत नाही, रंग कळतो. पण घरी आणल्यावर ते फूल कापायचं. आमच्याकडं यावरून भांडण झालं होतं.

४. जवळ काय काय हवं

- सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री. दोन पाती एकमेकांशेजारून जाणारी घ्या. एक पातं सपाट पट्टीवर दाबणारी कात्री काडी चेचते आणि चेचलेल्या जागेतून रोग शिरतो. तासगावकडं द्राक्षाच्या छाटणीला वापरतात ती कात्री उत्तम. द्राक्षपट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रांत सहज मिळते.
- घडीची लहान करवत, अंगठ्याएवढ्या जुन्या फांद्यांसाठी.
- कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे. पातळ रबरी मोज्यांतून काटा आरपार जातो.
- दोन खुंट्या, सुतळी आणि मोजपट्टी.
- कापांवर लावायच्या पेस्टसाठी मोरचूद (कॉपर सल्फेट), कळीचा चुना, प्लास्टिकची भांडी, जुना ब्रश.
- पातं पुसायला स्पिरिट आणि फडकं.

लांब पात्याची कुंपणाची कात्री असेल तर असू द्या, पण तिचं काम ऑक्टोबरमध्ये नाही.

५. चर आणि लागवड

रांगेला वेगवेगळे खड्डे खणू नका. सलग चर खणा, दीड फूट रुंद, दीड फूट खोल.

सांगलीची काळी माती कसदार खरी, पण पाणी धरून ठेवते. माझ्या पहिल्या रांगेतली चार झाडं पहिल्याच पावसाळ्यात पिवळी पडून गेली, ती याच कारणानं. दुसऱ्या वेळी चराच्या तळाला चार इंच मुरूम टाकला आणि वरची माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा इंच उंच, गादीवाफ्यासारखी घेतली. तेव्हापासून त्रास नाही. नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यात घर असेल किंवा बोअरचं पाणी मचूळ असेल, तर आधी माती आणि पाण्याची तपासणी करून घ्या. क्षार गुलाबाला अजिबात चालत नाहीत. पानांच्या कडा करपतात आणि आपण रोग समजून औषधं मारत बसतो.

साताऱ्यात ताईकडं उलटी गंमत. अजिंक्यताऱ्याचा पायथा, दीड फुटाखाली निव्वळ मुरूम. पाणी थांबतच नाही, त्याबरोबर खतही निघून जातं. तिथं निचऱ्याची चिंता सोडून चरात पोयट्याची माती आणि शेणखत निम्मं-निम्मं भरलं. त्याआधी तिथं मी एक चूक केली होती: सांगलीचा धडा गिरवत तळाला अजून मुरूम टाकला. दाजींनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "मुरमात मुरूम?" ऐकायला हवं होतं.

भरण्याचं साधारण प्रमाण: दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, दर रोपाला १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि मूठभर सुपर फॉस्फेट. शेणखत कच्चं नको. त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते आणि ऊसपट्ट्यात राहून हुमणीबद्दल मी आणखी काय सांगायचं!

लागवड सांगलीत पाऊस ओसरताना, सप्टेंबरच्या मध्यापासून करा. साताऱ्यात जुलै-ऑगस्टच्या झडीत अजिबात नको. ऑक्टोबर लागू द्या. पिशवी फाडताना मुळांभोवतीचा गोळा फुटू देऊ नका आणि डोळ्याची गाठ मातीच्या दोन इंच वर राहील अशी लावा. गाठ पुरली गेली की खुंट फुटायला लागतो.

६. पहिलं वर्ष

पहिल्या सहा महिन्यांत कळ्या खुडायच्या. अवघड जातं, माहीत आहे. पण कोवळा शेंडा चार-पाच पानांवर खुडला की खालचे डोळे फुटतात आणि झाड रुंद होतं. रुंदी पहिल्या वर्षी मिळाली नाही तर नंतर मिळवायला झाड पार खाली कापावं लागतं. मग एक-दोन झुपके फुलू द्या.

७. ऑक्टोबरची छाटणी

परदेशी पुस्तकांत छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये दिलेली असते, कारण तिथं बर्फ पडतो. आपली मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर. द्राक्षवाल्यांची ऑक्टोबर छाटणी चालू झाली की आपलीही वेळ झाली, एवढं लक्षात ठेवा. दसरा होऊन परतीचा पाऊस थांबलाय, आकाश निवळलंय, सकाळी गार लागतंय, असे चार-पाच दिवस बघून कात्री हातात घ्या. दिवाळीला फुलं हवीत म्हणून सप्टेंबरात कापणारे खूप भेटतात. ओल्या हवेत केलेल्या कापातून फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते. मी एकदा तसं केलं आणि तीन झाडं बुंध्यापर्यंत वाळली. छाटणीनंतर ४५ ते ५० दिवसांनी फुलं येतात. ऑक्टोबरच्या मध्याला कापलंत तर साधारण दत्तजयंतीच्या सुमाराला रांग भरते.

आधी आठवडाभर पाणी तोडा. झाडाला थोडा ताण बसला की फूट एकसारखी येते. जुने माळी मुळं उघडी करून उन्हं देतात. रांगेत झाडं एकमेकांना खेटून असल्यानं ते जमत नाही आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

आता क्रमानं.

पहिल्यांदा मेलेलं काढा. मेलेलं कसं ओळखायचं हे मला तासगावकडच्या द्राक्षबागांत छाटणीला जाणाऱ्या एका मामांनी दाखवलं. ते सहज घरी आले होते. मी गुलाबाला कात्री लावताना घाबरतोय हे बघून त्यांनी ती हातातून काढून घेतली. एक तपकिरी काडी शेंड्याकडून कापली, काप माझ्या डोळ्यांपुढं धरला. मधला गाभा चहासारखा तपकिरी. "ही मेली." दोन इंच खाली पुन्हा काप. कडेला थोडं हिरवं, मध्ये अजून तपकिरी डाग. "अजून आजार हाय." आणखी इंचभर खाली. आता गाभा पांढराशुभ्र, भोवती हिरवं कडं, कापावर ओल. त्यावर अंगठा टेकवून म्हणाले, "हितं थांबायचं. पांढरं दिसंस्तवर खाली जायचं, मग कितीबी खाली जाऊ दे." तेव्हापासून मी प्रत्येक काप बघतो. वरून हिरवी दिसणारी कितीतरी काडी आतून गेलेली असते.

दुसरं, खुंटाची फूट. ती कापायची नाही, उपटायची. माती बाजूला करून ती मुळाला जिथं चिकटलीय तिथपर्यंत जा आणि खाली ओढून तोडा. मातीशी कापलीत तर एकाच्या जागी चार येतात.

तिसरं, म्हाताऱ्या फांद्या. तीन-चार वर्षांची, सालीला भेगा पडलेली, फूट न देणारी फांदी करवतीनं बुंध्यापासून काढा. दर झाडाला वर्षाला एक किंवा दोन, जास्त नाही. रांग कायम तरणी राहते ती या एका कामामुळं आणि हेच काम लोक टाळतात, कारण तेवढ्या दिवसांपुरतं मध्ये भगदाड दिसतं. दिसू द्या. जानेवारीपर्यंत बुजतं.

चौथं, उंची. दोन टोकांना खुंट्या ठोकून जमिनीपासून एक फुटावर सुतळी ताणा. रांग दोन फुटांची हवी असेल तर काप एक फुटावर घ्यायचा. नवी फूट वर फूटभर येतेच. इथं बहुतेकांचा हात अडतो. दोन फुटांची रांग हवी म्हणून दोन फुटांवरच कापतात आणि डिसेंबरात फुलं तीन फुटांवर येतात. पहिल्या छाटणीला मात्र सव्वा फुटावर थांबा. दरवर्षी नेमकं त्याच उंचीला कापलं की काड्यांना गाठी येतात, म्हणून मी सुतळी एक वर्ष इंचभर वर, एक वर्ष खाली बांधतो.

पाचवं, काप कुठं आणि कसा. सुतळीजवळचा फुगीर डोळा बघा, त्याच्या पाव इंच वर तिरपा काप, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. डोळ्याला चिकटून कापलं तर डोळा वाळतो, फार वर कापलं तर उरलेला खुंटा वाळतो. एकट्या झाडाला नेहमी बाहेरच्या बाजूचा डोळा ठेवतात. रांगेत थोडा फरक आहे. दोन झाडांमध्ये फट असेल तिथं फटीकडं तोंड केलेला डोळा ठेवा, म्हणजे फांदी त्या दिशेनं जाऊन फट भरते. वाटेकडं आणि भिंतीकडं तोंड केलेले डोळे कमी ठेवा. ही एक गोष्ट कळल्यावर माझी रांग दोन हंगामांत बंद झाली.

सहावं, पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या पूर्ण काढा. त्यांना फूल धरत नाही, नुसती भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी) धरते.

बाजूनं बघितलं तर रांग बुंध्याशी रुंद आणि माथ्याला किंचित अरुंद दिसायला हवी. उलटं झालं तर खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि परत उघडे पाय.

१४ झाडांना मला अख्खी सकाळ लागते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटनं पुसा.

८. कापल्यावर त्याच दिवशी

पेन्सिलीहून जाड प्रत्येक कापाला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत. गार झाल्यावर दोन्ही एकत्र ओतून ढवळा. लोखंडी भांडं नको. तयार मिश्रणात लोखंडी खिळा क्षणभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडी चुन्याची निवळी वाढवा. पेस्ट त्याच दिवशी वापरून संपवा, उद्यासाठी ठेवू नका. फरशीवर सांडली तर निळा डाग जात नाही, आमच्या पायरीवर अजून आहे.

पडलेली पानं झाडून काढा. काळ्या ठिपक्यांचा रोग त्याच पानांत दबा धरून बसतो. मग दर झाडाला अर्धं घमेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, हलकी खुरपणी आणि भरपूर पाणी. रासायनिक खत लगेच नको. आठ-दहा दिवसांनी डोळ्यांतून लालसर कोंब डोकावले की १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश) सारखं मिश्रखत झाडाला ३०-४० ग्रॅम, बुंध्यापासून वीतभर लांब गोल टाकून मातीत मिसळा. कोरड्या मातीत कधीच टाकू नका.

९. वर्षभर

फुलांचा झुपका सुकला की पाच छोट्या पानांचं मिळून झालेल्या पहिल्या पूर्ण पानापर्यंत कापा. नुसती मान तोडली तर पुढची फूट बारीक येते. लांब पात्याची कात्री इथं चालते: जानेवारीनंतर एखादा बहार उरकला की माथा सरळ करून घ्यायला. मे अखेरीस वरचा एक तृतीयांश भाग कापून हलकं करायचं, वळवाचे एक-दोन पाऊस झाल्यावर. साताऱ्यात हे जूनचा पाऊस बसण्याआधी उरकलंच पाहिजे, नाहीतर सोडून द्या. पावसाळ्यात मोठा काप नाही.

कीड-रोगाचं थोडक्यात: वळवानंतर रात्री पानांची चाळण झाली तर ते हुमणीचे भुंगे, संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. थंडीत पानांवर पांढरी भुकटी म्हणजे भुरी, पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण ऊन कडक असताना नाही. उन्हाळ्यात पानांमागं जाळं आणि पानं भुरकट म्हणजे लाल कोळी. पानांच्या मागच्या बाजूला जोरात पाण्याचा फवारा बराच उपयोगी पडतो. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, उसात ज्याला केवडा म्हणतात ते, चुनखडीच्या काळ्या जमिनीत हमखास होतं. तिथं चिलेटेड फेरस (लोहाचं खत) फवारा. युरिया वाढवून ते जात नाही.

१०. काटेरी कचरा

याचा विचार कुणी आधी करत नाही. १४ झाडांच्या छाटणीतून दोन पोती काटे निघतात. घंटागाडीत सुटे टाकू नका, उचलणाऱ्यांचे हात फाटतात. रस्त्याकडेला टाकलेत तर गल्लीतल्या सगळ्या सायकली पंक्चर आणि पहिली तुमच्याच घरातली. काड्यांचे वीतभर तुकडे करून सिमेंटच्या जुन्या पोत्यात घट्ट भरा, तोंड बांधा आणि गाडीवाल्या दादांना "काटे आहेत" असं सांगून हातात द्या. पेन्सिलीएवढ्या निरोगी काड्यांतून दहा-बारा वेगळ्या काढा, आठ इंचांचे तुकडे, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, आणि सावलीत वाळू-मातीच्या कुंडीत खोचून ठेवा. 'आइसबर्ग' आणि बटण गुलाबाच्या निम्म्या तरी लागतात. ताईच्या रांगेत खिडकीवर चढलेलं ते रोप उपटल्यावर तिथं माझ्याच छाटणीतली काडी लावली आहे. खुंटावरच्या झाडांपेक्षा ती हळू वाढते, पण तिला खालून रानगुलाब फुटण्याची भानगड नाही.